क्षारनगरीत टिकलीची हाक

"नाही चालणार," मी म्हणाले.

"का नाही चालणार?"

"कारण ती तुझ्याकडची जादू आहे. माझ्या जगाचे नियम वेगळे आहेत."

"जादू टिकलीची आहे. गावाची नाही. टिकली जिथे जाईल तिथे तिच्याबरोबर येणार ती."

धनिष्ठा जमिनीवर पालथी पडली होती आणि पाय हवेत हलवत टिकलीच्या वेणीत काळा रंग भरत होती. दिवाळी पाडव्याची सकाळ होती. बाबा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. एका बाजूने छापलेले, निकामी झालेले कागद ते घरी आणायचे आणि आम्ही त्यांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायचो. कागद उजेडात धरला की उसाच्या रसाचे आकडे टिकलीच्या पोटातून दिसायचे.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि धनू सातवीत. आम्हा दोघींना जपानी चित्रकथांचं, म्हणजे मांगाचं वेड होतं. हे वेड आम्हाला वेगवेगळ्या गावांत, एकमेकींची ओळख नसताना लागलं होतं. जूनमध्ये माझ्या बाबांनी आणि तिच्या आईने लग्न केलं, त्या दोघी नाशिकहून सांगलीला आमच्या घरी आल्या, आणि माझ्या खोलीत दुसरी खाट आली. पहिल्या आठवड्यात आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो. मग एकदा तिच्या दप्तरातून एक चित्र घसरून पडलं. मी उचलून बघितलं आणि म्हटलं, "हे उजवीकडून डावीकडे वाचायचं ना?" तिने माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की जणू परक्या देशात आपल्या गावचं कुणी भेटावं.

तिची मांगा खऱ्या जपानी पद्धतीने, उजवीकडून डावीकडे चालायची. माझी डावीकडून उजवीकडे, कारण मला संवाद मराठीत लिहायचे तर चित्रं उलटी का लावायची, हे पटत नव्हतं. जानेवारीत पुण्याला मांगावेड्यांचा एक मेळावा होता. तिथे घरी केलेली पुस्तकं मांडायला टेबल मिळायचं. आम्ही दोघींची मिळून एकच गोष्ट करायची ठरवली. माझी एका मुखपृष्ठापासून सुरू होणार, तिची दुसऱ्या मुखपृष्ठापासून. माझी अणिमा डावीकडून चालत येणार, तिची टिकली उजवीकडून, आणि मधल्या जोडपानावर दोघी समोरासमोर. हे जमून आलेलं बघून आम्ही दोन दिवस खूश होतो. तिसऱ्या दिवशी भांडण लागलं ते मधल्या पानावर कुणाची जादू चालणार यावरून.

टिकलीची जादू सोपी होती. ती हाक मारायची आणि जिला हाक मारली ती गोष्ट यायची. पोस्टमन यायचा, ढग यायचा. एकदा तिने स्टेशनला हाक मारली तर अख्खं स्टेशन आलं, चहावाल्यासकट. त्यासाठी तिला काहीही द्यावं लागायचं नाही.

माझ्या क्षारनगरीत एकच नियम होता. जेवढं घ्याल तेवढं द्याल. अणिमाने दिवा लावला की तेवढी ऊब तिच्या अंगातून जायची. पाचव्या प्रकरणापर्यंत तिचा वास घेण्याचा गुण गेला होता, केसांचा रंग गेला होता, करंगळीचं नख गेलं होतं. तिची आई तर पहिल्याच पानावर मिठाची झाली होती आणि ती परत येणार नव्हती. माझी आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. हे दोन्ही एकमेकांना जोडायला काही फार हुशारी लागत नाही, पण घरात कुणी कधी ते बोलून दाखवलं नव्हतं.

"हे बघ," मी म्हणाले, "टिकली आली, तिने हाक मारली, सगळं फुकटात झालं, तर अणिमाने पाच प्रकरणं कशासाठी नख गमावलं? वाचणारा म्हणेल, ही बाई वेडी आहे."

"मग अणिमा माझ्याकडे आली की तिला काहीच द्यायला लागणार नाही. मी तिचं नखही परत देते. वासही देते."

"नको. परत दिलंस तर आधीचं सगळं खोटं ठरतं."

"तू किती कंजूस आहेस!"

"कंजूस नाही. माझा हिशोब नीट आहे."

ती उठून बसली. तिच्या कोपराला शाई लागली होती. "बरं, मला सांग. टिकली तुझ्याकडे आल्यावर मराठी बोललेलं चालतं?"

"चालतं."

"तिची वेणी तशीच राहते?"

"राहते."

"तिला भूक लागते?"

"लागेल की."

"मग नुसत्या हाकेनेच काय पाप केलंय?"

 मी सरळ बाबांना हाक मारली.

बाबांचा गळीत हंगाम तोंडावर आला होता. पाडवा आणि भाऊबीज एवढीच त्यांना सुट्टी. ते चकलीची वाटी हातात घेऊन आले आणि दाराशीच खुर्ची ओढून न्यायाधीशासारखे बसले.

"दोन्ही पक्षांनी एकेक करून बोलावं. धनूबाई, आधी तुम्ही."

धनूने तिची बाजू मांडली. मी माझी मांडली. बाबांनी मधे एकदाही हसू येऊ दिलं नाही. ते प्रश्न खरोखरच सोडवायला घेत होते. लॅबमध्ये दोन नमुन्यांचे आकडे जुळले नाहीत की त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

"साखरेचं एक पोतं घ्या," ते म्हणाले. "इथे काट्यावर पन्नास किलो. चंद्रावर नेलं तर?"

"आठ-सव्वाआठ दाखवेल," मी म्हणाले.

"पण पोत्यातली साखर कमी झाली का? नाही. तेवढ्याच लोकांचा तेवढाच चहा होणार. म्हणजे काही गोष्टी पोत्याबरोबर जातात आणि काही जागेवर ठरतात. पहिलं वस्तुमान, दुसरं वजन. आता मला सांगा, हाक मारल्यावर कुणीतरी येणं, हे यातलं कुठलं?"

"टिकली पोतं नाहीये," धनू म्हणाली.

"मान्य. तरी सांग."

 धनूने पेन्सिलीचं मागचं टोक दातात धरलं.

"हाक टिकली मारते," ती म्हणाली. "पण येणारा तिथला असतो."

"शाब्बास! म्हणजे तिथली माणसं येणारी असतील तर ती येतील, नसतील तर नाही. सगळं जागेवर आलं. वजन." त्यांनी चकलीचा तुकडा तोंडात टाकला. "निकाल केतकीच्या बाजूने. टिकलीची हाक क्षारनगरीत चालेलच असं नाही."

मी टाळी वाजवली. धनू "ठीक आहे" म्हणाली आणि शाईच्या बाटलीचं झाकण लावू लागली. झाकण आधीच घट्ट होतं, तरी ती ते लावत राहिली.

संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते तेव्हा सुनंदामावशी खोलीत आल्या. मी त्यांना मावशी म्हणायचे, ते आमचं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. त्या माझ्याशेजारी बसून टॉवेलची घडी घालायला लागल्या, घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

"धनू म्हणतेय, उद्या मामाबरोबर जाते."

लग्नाच्या वेळीच मोठ्यांचं ठरलं होतं, की दिवाळीपर्यंत बघायचं. धनू इथे रमली तर प्रश्नच नाही. नाही रमली तर नाशिकला मामाकडे राहील, जुन्या शाळेत जाईल, मावशी महिन्यातून एकदा जाऊन येतील. धनूचे वडील बडोद्याला असायचे. मावशींचं आणि त्यांचं बरंच आधी मोडलं होतं, आणि अलीकडे त्यांचा फोनही येत नव्हता. भाऊबीजेला श्रीरंगमामा येणार आणि धनू त्या दिवशी काय ते सांगणार, असं सगळ्यांच्या मनात होतं. पण गेल्या महिन्याभरात कुणी तो विषय काढला नव्हता. मला वाटलं होतं, तो प्रश्न आपोआप मिटला.

"अचानक?" मी विचारलं.

"मलाही तेच कळत नाहीये. परवापर्यंत पुण्याच्या मेळाव्याला कुठला ड्रेस घालू विचारत होती. तुझं तिचं काही बिनसलं का गं?"

"नाही मावशी. आमचं थोडं टिकलीवरून झालं, पण ते काही..."

"टिकलीवरून?" त्यांचा हात कपाळाकडे गेला.

"तुमची नाही. चित्रातली."

त्या हसल्या आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले. "मी तिला अडवणार नाही, केतकी. आधीच तिच्या आयुष्यात मी खूप उलथापालथ केली आहे. पण मला वाटलं होतं..." त्यांनी टॉवेल बाकीच्या घड्यांवर ठेवला आणि त्या उठल्या.

सकाळी श्रीरंगमामा आले. रात्रभर बसमध्ये बसून त्यांच्या एका गालावर खिडकीच्या रबराचा ठसा उमटला होता. मोठा, गडगडून हसणारा माणूस. आल्या आल्या त्यांनी धनूला उचलायचा प्रयत्न केला, "अगं बाई, काय जड झालीस! सांगलीचं पाणी मानवलं की," म्हणाले आणि गप्प झाले. दाराशी तिची भरलेली बॅग उभी होती, ती त्यांना दिसली असावी. दुपारच्या बसची तिकिटं काढायची का, हे त्यांनी मावशींना हळूच विचारलं. मावशी म्हणाल्या, "ओवाळणं होऊ दे आधी," आणि दूध तापवायला स्वयंपाकघरात गेल्या. बाबा दाढी करायला गेले. घरात सगळे जरा जास्तच कामात होते.

मी खोलीत गेले. धनू मधलं जोडपान मांडीवर घेऊन बसली होती. तिने तिची अर्धी बाजू पूर्ण केली होती. टिकली उभी होती, दोन्ही हात तोंडाभोवती, मान वर. तोंडातून निघालेला मोठा फुगा, त्यात हाकेचे शब्द लिहायचे. तो कोरा होता. कागद तिथे खोडून खोडून पातळ झाला होता.

"हे तू पूर्ण कर," ती म्हणाली. "टिकली हाक मारते आणि कुणी येत नाही, असं. तुझ्या बाजूला क्षारनगरीचा रिकामा रस्ता काढ. रस्ते तुला चांगले जमतात."

मी तिच्याशेजारी बसले. कालपासून एक गोष्ट मला सतावत होती आणि ती विचारायला मी धजत नव्हते.

"धनू, टिकली माझ्याकडे येऊन अणिमाच्या आईला हाक मारणार होती का?"

तिने चमकून बघितलं. "नाही गं! ती कशी येईल? ती तर मिठाची झाली ना." मग म्हणाली, "मी असं करीन असं वाटलं तुला?"

"वाटलं होतं."

"वेडी आहेस का? त्या आईला कसं बोलवणार? ती तुझी आहे."

"मग कुणाला?"

"ठरलं नव्हतं. कुणालाही. येतं का कुणी, एवढंच बघायचं होतं." तिने फुग्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "नाशिकला मी हाक मारली की कुणीतरी यायचं. आई नाहीतर मामी, नाहीतर बाजूच्या घरातल्या काकू. इथे मी अजून मारलीच नाही."

मी आठवून पाहिलं. ती जेवायला बोलवायला यायची ती दारात येऊन उभी राहायची, मी बघेपर्यंत. बाबांचा फोन वाजला तर तो उचलून त्यांच्यापर्यंत घेऊन जायची. मावशी आत असल्या तर आत जायची. एकदा मोरीत पाल होती, तेव्हा ती ओल्या अंगाने शहारत स्वयंपाकघरापर्यंत चालत आली होती. माझ्याशी बोलताना "ऐक ना" म्हणायची, "अगं" म्हणायची. पाच महिन्यांत तिने या घरात कुणालाही, कुठल्याही नावाने, मोठ्याने हाक मारली नव्हती. आणि आम्ही सगळे म्हणायचो, किती शांत मुलगी आहे.

"का नाही मारलीस?"

"इथे चालते की नाही, ते ठरलं नव्हतं ना. आणि मारली आणि कुणी आलंच नाही, तर मग..." तिने खांदे उडवले. "काल ठरलं. वजन."

मला एकदम राग आला. तिचा नाही, बाबांचाही नाही. सगळं नियमांत बसवण्याच्या आमच्या पद्धतीचा.

"तू मोजलंस का?" मी विचारलं.

"काय?"

"वजन जागेवर ठरतं, एवढंच बाबा म्हणाले. इथे ते किती आहे, हे कुणी मोजलंय? न मोजता तू शून्य लिहिलंस. प्रॅक्टिकलच्या वहीत असं लिहिलं तर आमच्या मॅडम वही फेकून देतात."

"मग काय करू?"

"मी गच्चीवर जाते. तू इथून हाक मार."

धनूने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर थोडी कीव होती. "तू येणारच. तुला माहितीये. मग तो कसला प्रयोग?"

ती बरोबर होती. सातवीतल्या मुलीने माझ्या प्रयोगातली चूक काढली होती.

"बरं," मी म्हणाले. "प्रयोग नाही. मला चादरी वाळत घालायच्या आहेत. तुला हाक मारावीशी वाटली तर मार. नाही तर नको मारूस."

मी बादली घेऊन वर गेले. आमच्या घराच्या वर लगेच गच्ची होती, लोखंडी जिना चढून गेलं की. खालच्या गल्लीत मुलं उरलेले फटाके एकेक करून उडवत होती. मी पहिली चादर घातली, दुसरी घातली. उशांचे अभ्रे घातले. चिमटे लावले. बादली रिकामी झाली. मी दुसरी चादर काढून परत पिळली, जरी तिच्यात पिळण्यासारखं पाणी उरलं नव्हतं. जिन्याकडे कान देऊन उभी राहिले. मामांच्या हसण्याचा आवाज आला. म्हणजे बसची वेळ अजून झाली नव्हती. मग तेही थांबलं.

"ताईऽऽऽऽ!"

टाकीवरची कबुतरं एकदम उडाली. मला ताई म्हणणारं तोवर जगात कुणी नव्हतं. तरी ती हाक कुणाला आहे, हे कळायला मला वेळ लागला नाही. चादर टाकून मी पळाले. जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या, गुडघा कठड्यावर आपटला, तशीच उठले आणि घरात शिरले.

मी सगळ्यांत शेवटी पोचले होते.

खोलीच्या दारात बाबा होते, अर्ध्या तोंडाला साबणाचा फेस, हनुवटीवर रक्ताची बारीक रेघ, हातात रेझर तसाच. त्यांच्या काखेखालून मावशी आत बघत होत्या, हातात सांडशी. त्यांच्या मागे मामा एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाचा अंगठा हाताने दाबत होते. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज आला, "काय झालं गं? कोण पडलं?" स्वयंपाकघरातून उतू गेलेल्या दुधाचा करपट वास येत होता.

"काय झालं?" बाबा म्हणाले. "काय झालं, धनू? पाल आहे का?"

धनू खाटेवर उभी होती. दोन्ही हात अजून तोंडाभोवती होते. तिने ते हळूहळू खाली घेतले आणि सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

"काही नाही," ती म्हणाली. "मी ताईला हाक मारली होती."

"एवढ्या जोरात?" मामा कळवळून म्हणाले. "अगं, मला वाटलं घराला आग लागली. उंबऱ्याला ठेचकाळलो मी!"

"दूध!" मावशी म्हणाल्या, पण त्या गेल्या नाहीत. सांडशी घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.

मी गर्दीतून वाट काढून आत गेले. धाप लागली होती. "माझं येणं धरू नकोस," मी म्हणाले. "मला माहीत होतं. यांना माहीत नव्हतं."

तिने मान हलवली. ते तिच्या आधीच लक्षात आलं होतं. ती बाबांच्या हनुवटीकडे बघत होती, मग मामांच्या अंगठ्याकडे, मग माझ्या गुडघ्याकडे. सलवारीवर एक ओला, लाल डाग पसरत होता.

"बघ," ती मला म्हणाली. "तुझाही नियम चालला. सगळ्यांना काही ना काही द्यायला लागलंय."

"कसला नियम?" बाबांनी विचारलं. फेसाचा एक गोळा त्यांच्या बनियनवर पडला.

"वजनाचा," मी म्हणाले. "बाबा, तुम्ही न मोजता निकाल दिला होता."

"मी?" ते म्हणाले. मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या बॅगेकडे बघितलं, खाटेवर उभ्या असलेल्या मुलीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "मी वजन म्हणालो होतो," ते सावकाश म्हणाले. "शून्य नव्हतो म्हणालो."

धनू खाली उतरली, मावशींच्या हातातली सांडशी काढून घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. परत येताना ती मामांपाशी थांबली.

"मामा, तू एकटाच जाशील का रे? मला हे पान संपवायचंय."

मामांनी अंगठा सोडला. बहिणीकडे बघितलं. मावशींनी पदर तोंडाला लावला होता. "पान संपल्यावर ये म्हणजे," ते म्हणाले, "मे महिन्यात. आंब्यांना." आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी नाक शिंकरलं. तेही त्यांच्या हसण्याइतकंच मोठ्याने.

ओवाळणं झालं, जेवणं झाली. दुपारी मामांना बसवर सोडून बाबा परत आले तेव्हा आम्ही दोघी पुन्हा जमिनीवर पालथ्या पडलो होतो. माझ्या गुडघ्याला पट्टी होती. धनूने फुग्यात हाक लिहून टाकली होती, जाड अक्षरात, आणि आता माझ्या बाजूच्या रिकाम्या रस्त्यावर अणिमा धावत येत होती. तिच्या मागे एक फेसाळ दाढीवाला, त्याच्यामागे सांडशीवाली, लंगडणारा एक जाडा माणूस, खालच्या काकू.

धनू वैतागली. "एवढे जण एका पानात कसे मावणार? एकमेकांवर चढतायत सगळे. अणिमा तर दिसतच नाहीये."

मी कागदाच्या गठ्ठ्यातून एक कोरा कागद काढला, मधोमध दुमडला आणि पुस्तकाच्या मध्यावर घालून दाखवला.

"इथे घातला की झालं," मी म्हणाले. "मधे कितीही घाल. तुझ्या बाजूचं पान हलत नाही, माझ्याही बाजूचं हलत नाही."

तिने पुस्तक एकदा तिच्या बाजूने उघडून बघितलं, एकदा माझ्या बाजूने.

"आणखी दे," ती म्हणाली.